चार ओळींचा पहारा

बाभुळगावाकडच्या एका खेड्यातल्या विहाराची किल्ली उकंडाबाबांच्या करगोट्याला असे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, जो ग्रंथ वाचील, किल्ली त्याच्याकडे, ही तिथली रीत. तीस वर्षं ती कुणी मागितली नाही. आता द्यावी म्हटलं तर घ्यायला माणूस नव्हता. लागोपाठ दोन सालं कापूस बुडाला नि अर्धी वस्ती कामामागे पांगली.

लेक समीक्षा नागपूरहून सारखी बोलावी. बाबांचा जीवही तिकडेच ओढ घेई. पण मागे आलेले भंतेजी सांगून गेले होते: धम्म एका दिवसात जात नाही. आधी ज्ञानाला पोचलेली माणसं जातात, मग वागणं, मग शब्द. चार ओळींची गाथा म्हणणारंही जिथे कोणी उरलं नाही, तिथून तो गेला समजा. झालं! भंतेजी बोलून मोकळे झाले, बाबांच्या गळ्यात लोढणं पडलं. गावात गाथा येणारे ते एकटेच.

त्या आश्विनात गाथा म्हणता म्हणता ते तिसऱ्या ओळीला अडकले. दाराशी झाडणाऱ्या जमनीने ओळ पुरी केली. एकटी बाई, रोज विहार झाडायची; ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. बाबांना रडूच फुटलं. त्यांनी लगेच किल्ली पुढे केली.

"मले नोका देऊ, बाबा. उद्या सांजच्याला ट्रक हाय. भावानं गुजरातेत कापसाच्या जिनिंगवर काम लावून देल्लं."

"तू गेली त इथला धम्म बुडते," बाबा म्हणाले. "तुह्याच माथ्यावर येईन ते पाप."

जमनी घाबरली. तिने किल्ली घेतली, घरी जाऊन बांधलेलं बोचकं सोडलं.

सकाळी बाबा नागपूरच्या एसटीत बसले. सुटलो एकदाचा! खुशीत गाथा पुटपुटू लागले. कोणतंही वाईट करू नये, ही तिची पहिलीच ओळ. तीस वर्षं तिचा अर्थ लोकांना सांगितला होता त्यांनी. आज त्या ओळीपुढे जीभच सरकेना. शब्द शाबूत होते. वागणं गेलं होतं, आणि तेही त्यांच्याच हातून. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या फाट्याला उतरून ते उन्हात चालत माघारी आले.

जमनी विहाराच्या पायरीवर बसली होती.

"दे ती किल्ली. बोचकं बांध," बाबा म्हणाले. "धम्माचं भेव दाखोलं तुले, चुकलो मी. इथं गाथा म्हनायले मी हावोच."

"अन् नागपूर?"

बाबांनी किल्ली घेतली. ती पुन्हा करगोट्याला बांधू लागले. गाठ नीट बसेना, तेव्हा जमनीनेच ती घट्ट मारून दिली.