बारा सेकंदांची साडी

हेमराज मराठे हा माणूस श्रीकांत सरांना कितीसा ठाऊक होता, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर लाज वाटावी इतकं थोडं आहे. सुरतेच्या लिंबायत वस्तीत राहायचा, बाप लूमवर होता, डबा घरून आणायचा आणि चहात साखर कमी घ्यायचा. सात महिने दोघे एका खोलीत बसले. सर त्याच्याकडे रोज बघत होते, पण राखणदार बघतो तसं. तशा बघण्यातून माणूस कळत नाही.

सरांना महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. पुतण्या केदारने रिंग रोडमागच्या एका मार्केटात, पाचव्या मजल्यावर, अ‍ॅनिमेशनचं छोटं ऑफिस काढलं. तो दिवसभर गिऱ्हाइकांकडे फिरायचा. "काका, तुम्ही नुसते बसा. घरचं कुणीतरी बसलेलं बरं," असं म्हणून त्याने सरांना दाराजवळ खुर्ची दिली. कशासाठी बसायचं ते त्याने सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही. तरी कळलं होतं.

काम मुख्यतः साड्यांचं. छगनभाई नावाच्या व्यापाऱ्याच्या नव्या साड्या छपाईला जाण्याआधीच इथे कॉम्प्युटरवर तयार व्हायच्या. मॉडेल नको, कॅमेरा नको. पडद्यावर साडी हवेत उलगडायची, पदर गिरकी घ्यायचा, आणि ते बघून बाहेरगावचे दुकानदार ऑर्डरी द्यायचे. म्हणजे डिझाइन जगाला दिसण्याआधी या खोलीत असायचं. सुरतेत डिझाइन फुटायला भिंतीला भोक पाडावं लागत नाही. दिवाळीनंतर एक फुटलंच. छगनभाईंच्या साडीवरची वेल, फक्त पानं उलटी करून, दुसऱ्या मार्केटातल्या एका दुकानाच्या दारात लटकत होती. छगनभाईंनी केदारला बोलावून शांतपणे सांगितलं की पुन्हा असं झालं तर आपला संबंध संपला. चित्रं करणारे दोघे केदारचे कॉलेजातले मित्र, ते अहमदाबादेहून काम पाठवायचे. त्यांच्यावर त्याचा जीव होता. खोलीत उरला तो एडिटिंग करणारा हेमराज.

अशात मोरपंखी साडीचं काम आलं. मोरपंखी रंग हळूहळू जांभळ्यात आणि जांभळा काळ्यात उतरत जाणारा. साडीची एकेक स्थिर चित्रं निघायची, सेकंदाला पंचवीस. ती जोडून व्हिडिओ करायचा आणि मग कापाकापी. तो व्हिडिओ कुठल्या पद्धतीने साठवायचा, म्हणजे कोडेक कुठला घ्यायचा, यावरून वाद झाला. केदारचं म्हणणं, नेहमीचा एच-२६४ घे, फाइल एवढीशी होते आणि मोबाइलवर चालते. हेमराज म्हणाला, गिऱ्हाइकाला द्यायला तो ठीक आहे, कापायला नाही. त्यात एखादंच चित्र पूर्ण ठेवलेलं असतं, पुढच्यांचं काय बदललं तेवढंच टिपलेलं. मध्येच कात्री लावली की कॉम्प्युटर मागचं धुंडाळत अडखळतो, आणि पुन्हापुन्हा सेव्ह केलं की रंग मरत जातो. त्याला प्रोरेस हवा होता. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण राहतं, रंगाच्या पायऱ्याही बारीक असतात. फाइल मात्र पंधरा-वीसपट.

सरांना त्यातलं निम्मंच कळलं. पण शेवटी सगळं मोबाइलवर बघायचं, तर मध्ये इतकं स्वच्छ चित्र हवं कुणाला? ज्याला त्यावरून छापायचंय त्याला. पाणी कुठेतरी मुरत होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सरांनी हेमराजला स्वतःच्या डिस्कवर काहीतरी भरून घेताना पाहिलं. ती त्याने नॅपकिनात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. काय नेतोस, असं सरांनी हसत विचारलं.

"चार नमुने आहेत सर, बारा-बारा सेकंदांचे. घरी बघतो."

"इथे बघता येत नाही?"

"इथला पडदा फार चांगला आहे."

हे उत्तर सरांना उडवाउडवीचं वाटलं. त्यांनी केदारच्या कानावर घातलं. केदार आजच काढतो म्हणून उठला, मग बसला. दुसरा माणूस लगेच मिळणार नव्हता. "काका, तुम्ही एकदा त्याच्या घरी जाऊन या. तुम्ही सांगाल तसं करतो." हेमराजची नोकरी अशी सरांच्या जिभेवर येऊन बसली. वर्गात पहिला नंबर जाहीर करतानाही जे यादी तीनदा तपासायचे, अशा माणसाच्या जिभेवर.

रविवारी सकाळी सर रिक्षाने लिंबायतेत गेले. जुन्या विद्यार्थ्याकडे आलो होतो, हे सांगायचं मनात घोकलेलं. दार उघडंच होतं. हेमराजची बायको सुंदरा मांडीवर साडी घेऊन गोंदाने टिकल्या चिकटवत बसली होती. समोरच्या साध्या टीव्हीवर मोरपंखी साडी उलगडत होती. तिने उठून काचेजवळ बोट नेलं.

"आठे पट्टा दिखस."

"आनी यामा?" हेमराजने पुढचा नमुना लावला.

"यामा रंग बरा उतरस."

दारातले सर दिसले तशी ती पदर सावरत आत गेली. हेमराज दचकला नाही. या सर, म्हणाला, आणि खुर्ची पुसली. सुंदराच्या हातून अकरा वर्षं साड्या जाताहेत, रंगाच्या शेडमधली खोट ती रंगाऱ्याच्या आधी पकडते, म्हणून आणलं, असं त्याने सांगितलं. दुकानदार मोबाइलवर नाहीतर असल्याच साध्या टीव्हीवर बघणार. पहिले दोन नमुने, रंग सलग न उतरता मध्येच पट्टा दिसतो म्हणून, तिने नापास केले होते. तिसरा आणि चौथा प्रोरेसच, एक हलका, एक भारी. तिला त्या दोघांत फरक दिसला नाही. "मग तिसराच घेऊ. उगाच जागा कशाला अडवायची."

सरांना एकदम हलकं वाटलं. चहा आला. तो पिता पिता त्यांची नजर खाटेखालच्या साड्यांच्या गठ्ठ्यावर गेली. वरच्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव होतं. वेल जिथे लटकत होती, तेच दुकान.

हे काम कुठून येतं, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. दलाल आणून टाकतो, कुणाचं असतं कोण बघतं, असं सुंदरा आतून म्हणाली. खरंही असेल. अर्ध्या लिंबायतेत असंच काम चालतं. सरांनी चहा संपवला आणि पुढचं काही विचारलं नाही.

सोमवारी त्यांनी केदारला सगळं सांगितलं. टीव्ही, बोट, पट्टा, गठ्ठा. काहीच गाळलं नाही, कारण गाळणं त्यांना लबाडी वाटली. केदारने गठ्ठाच तेवढा ऐकला. काकांना काय वाटतं ते त्याने विचारलं. सर म्हणाले, मला ठाऊक नाही. तेही खरंच होतं.

फिल्म हेमराजच्या तिसऱ्या नमुन्याच्या कोडेकमध्येच कापली गेली. छगनभाईंना पसंत पडली, रंगात कुठे पट्टा नव्हता. मग केदारने हेमराजला काम कमी झाल्याचं सांगितलं. वेल कुठून फुटली ते अजून कळलेलं नाही. अहमदाबादेला कुणी चौकशीला गेलं नाही.

शेवटच्या दिवशी हेमराजने डिस्क सरांच्या टेबलावर ठेवली. मूळ चित्रं, कापलेलं, गिऱ्हाइकाला दिलेलं, सगळं यात आहे म्हणाला. सरांना म्हणायचं होतं की बाबा रे, तुझ्याविरुद्ध मी काही बोललो नाही. तोंडून वेगळंच निघालं.

"दुसरी कॉपी नाही ना कुठे?"

"नाही."

"घरी?"

"पुसली सर." तो पिशवी खांद्याला लावत होता. "लिफ्ट बंद आहे आज. जिन्याने सावकाश उतरा."

"हो," सर म्हणाले. "तू हो पुढे."