बिरक्याच्या मागं, निळं दार

मरियमखालाची आणि माझी ओळख भांडणानं झाली. आमच्या मधल्या भिंतीवर तिनं काळी, वाळकी लिंबं ओळीनं मांडली होती आणि ती पाहून माझ्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "करनी केली वो त्या बाईनं!" मी तणतणत गेले. खालानं एक लिंबू फोडून माझ्या नाकाशी धरलं. "वरनात टाकतो आमी. करनी कराची असती तं भर उन्हात, साऱ्या गल्लीसमोर केली असती काय?" दुसऱ्या दिवशी वरणाची वाटी आली. सासूबाईंनी मिटक्या मारत खाल्लं. विचारलं तर म्हणाल्या, "ठीक होतं."

मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत ही बाई आली ती फारसी बोलणाऱ्या एका छोट्या बेटावरून. नवरा जहाजावर स्वयंपाकी. तिथंच निकाह लावून त्यानं तिला इकडे आणलं. तो वारला तोवर खालाची वऱ्हाडी आमच्यापेक्षा फर्डी झाली होती. राग आला की मात्र फारसी. मुलगा यासीन हसायचा, "काय म्हनून राह्यली मलेबी नाई समजत, अन् बरंच हाये."

कागदावर ती परदेशीच राहिली. नागरिकत्वाचं नवरा 'करू, करू' म्हणत गेला आणि राहूनच गेलं. दरवर्षी राहण्याची परवानगी वाढवायला वाशीमला जायचं, आणि मी मास्तरीण म्हणून अर्ज मी भरायचा. मूळ पत्ता विचारला की खाला डोळे मिटून सांगायची, "बिरक्याच्या मांगं, निळं दार." बिरका म्हणजे घुमटाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं. मी वैतागायचे, "खाला, याले पत्ता म्हन्तेत काय?"

"चिठ्ठी तं येत होती ना तिथं!"

तिकडे आई होती, नव्वदीला टेकलेली; खाला तिला फारसीतच 'मादर' म्हणायची. तिला एकदा भेटायचं, एवढंच खालाचं मागणं. पण गेली तर परत येऊ देतील याची हमी कुणी देईना, आणि इथं यासीन, नातवंडं. "जायाचं दार हाये बाई, वापस याचं नाई," म्हणायची. बॅग मात्र भरलेली. तीत आईसाठी इथली तूरडाळ. दरवर्षी जुनी काढून नवी भरायची. मला त्या बॅगेचा संताप यायचा, कारण माझ्याच्यानं काही होत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी शेजारीच बसले होते. बेटावरच्या गावाचं शहर झालं होतं. काचेच्या इमारती, झगमगती दुकानं. "निळं दार दाखव," खाला म्हणाली. भावानं अकराव्या मजल्याच्या खिडकीतून खाली बोट दाखवलं. तिथं गाड्या लावल्या होत्या. बिरकाही बुजवला होता. मग त्यानं पलंगावरची आई दाखवली. म्हातारी एकच वाक्य घोकत होती. मी विचारलं, काय म्हणतात?

"म्हन्ते, मले घरी घेऊन चाल." खालानं फोन छातीशी धरला. "मी तं इथं अडकली, बाई. मादर आपल्याच गावात हाये ना? मंग मादर कशी अडकली?"



श्रावणात आई गेली. चाळिसाव्या दिवशी खालानं बॅग उघडली, ती डाळ शिजवली, काळी लिंबं टाकली आणि घरोघरी वाटी पोचवली. सासूबाई रडत जेवल्या.

यंदा पुन्हा अर्ज भरायला बसलो. मूळ पत्त्याच्या रकान्याशी माझा पेन अडला. खाला डाफरलीच, "थांबली काहून? लिही. बिरक्याच्या मांगं, निळं दार."

"खाला, पन आता तिथं..."

"पत्ता बदलू नोको. मादर आता तिथंच पोचली असन."