सात महिने लपवलेली खाज

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाणी आधी हिरवं झालं, मग विटकरी. बाई म्हणाल्या, "तुम्हाला डायबेटीस आहे. म्हणजे मधुमेह. लघवीतून साखर जाते, म्हणून ही खाज."

मी खाजेसाठी आले होते. मला वाटलं, बाईंनी दुसऱ्याच कुणाची लघवी तपासली.

आमचं घर भडगावचं, शेतीचं. मी सातवी झालेली, तीन मुलांची आई, वय अडतीस. संक्रांतीनंतर मायांगाला, लघवीच्या जागी, खाज सुटली. अशा जागेचं कुणाला सांगणार? सासूबाईंच्या मात्र लक्षात आलं. त्यांनी धुवायला कडुनिंबाचं पाणी दिलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग मी बाजारातून गजकर्णाचा मलम आणून लावला. कातडी सोलून निघाली. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. तहानही फार लागायची, पण खानदेशातल्या उन्हाळ्यात तहानेचं नवल कुणाला?

सातव्या महिन्यात एके दुपारी मला खाजवताना पाहून ह्यांनी विचारलं, "हे तू कुठून आणलंस?"

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. चार दिवसांनी मी बोचकं बांधलं आणि चाळीसगावहून गाडीने धुळ्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेले. तिने काही न विचारता मला बायकांच्या दवाखान्यात नेलं.

बाकावर आम्ही दोन तास बसलो. आत तपासताना बाईंनी आधी सांगितलं, काय करणार आणि कुठे हात लावणार. आत फंगस, म्हणजे बुरशी वाढली होती. साखर असली की ती फोफावते. मी भीतभीत विचारलं, "हा वाईट रोग तर नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि तो असता तरी मी औषधच दिलं असतं. इतके महिने का थांबलात?"

आठ दिवस दवाखान्यात राहिले. जांभळं औषध आतून लावत. इन्शुलिन, म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं औषध, रोज टोचत. गूळ बंद, भात बंद. भाकरी मोजून दोन. पाचव्या दिवशी मी सलग झोपले. सुई उकळून स्वतः टोचायलाही मी तिथेच शिकले.

घरी आल्यावर मी ह्यांना एवढंच सांगितलं, "रक्तात साखर वाढते. कुठून आणलेलं नाही." संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी दिलं. पण तो प्रश्न मी विसरले नाही, हे इथे लिहून ठेवते.

पंधरवड्याने, घरात कुणी नसताना, सासूबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "माले बी शे. बारा वरीस व्हयनात."

बारा वर्षं त्यांनाही तशीच खाज होती. मी त्यांना धुळ्याला नेलं. त्यांच्या लघवीत साखर नव्हती. तिथली कातडी पांढरी, पातळ झाली होती. तो वेगळा विकार निघाला, मलमही वेगळा मिळाला. बाईंनी त्यांना दर काही महिन्यांनी दाखवायला बोलावलं.

म्हणून सांगते, एकीचं औषध दुसरीने लावू नये. आठवडाभरात खाज थांबली नाही, जखम झाली, पांढरं किंवा घाण वासाचं जाऊ लागलं, फार तहान आणि वारंवार लघवी लागू लागली, तर डॉक्टरला दाखवावं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नये.

आजार माझा गेलेला नाही, सुई रोजची आहे. सासूबाईंची आग मात्र महिन्याभरात शमली. परवा शेजारची सून अंगणात अवघडून उभी होती. सासूबाईंनी तिला हाताला धरून आत आणलं, दार लोटलं आणि कुठे खाजतं ते विचारलं, "कथा खाजस, सांग. लाजू नको."