पाणंदीतलं गाऱ्हाणं

माझ्या वडिलांना सरळ चालत कुठे जाता येत नसे. पाय धड होते, प्रकृती ठणठणीत होती, पण वाटेत देव फार होते. उंबरठ्यावर एक गाऱ्हाणं, शिवेवरच्या दगडाशी एक, ओढ्यावरच्या लाकडी साकवापाशी आणखी एक. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे, देवासमोर उभं राहून मोठ्याने घातलेलं साकडं. घालणारा एकेक मागणं सांगतो आणि बाकीच्यांनी दर मागण्याच्या शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घराण्याला देवळात मान होता, त्यामुळे बाबांना सगळं तोंडपाठ. इतरांचं पाच मिनिटांत उरकायचं, बाबांचं अर्धा तास. ते गुरं सांगायचे, गोठा सांगायचे, मुंबईला गिरणीत असलेले चुलते सांगायचे, त्या चुलत्यांची न जमलेली लग्नं सांगायचे. आम्ही दोघी बहिणी या पायावरून त्या पायावर भार टाकत 'व्हय म्हाराजा' म्हणत राहायचो. मला त्याचा मनापासून कंटाळा होता आणि आईला माझ्याहून जास्त. फक्त ती बोलून दाखवत नसे.

बोलून दाखवायची वेळ आली ती आजोबांच्या दुखण्यात. आजोबा म्हणजे आईचे वडील, कुडाळपलीकडचे. आवाज असा की त्यांनी अंगणातून हाक मारली की ओढ्यापलीकडच्या मळ्यातला गडी 'ओ' द्यायचा. त्या वर्षी पावसाळ्यात तो आवाज घोगरा झाला, मग बसला, आणि घशात गाठ आहे असं निघालं. आमचे मामा मुंबईला नोकरीला होते. ते येऊन त्यांना ऑपरेशनसाठी घेऊन जाणार होते. आजोबांना बोट लागायची, म्हणून एसटीने फोंडाघाट चढून कोल्हापूर आणि पुढे रेल्वे असा बेत होता. हे सगळं सांगणारं मामांचं पत्र पोस्टमनने आदल्या दिवशी संध्याकाळी आणून दिलं. उद्या सकाळी साडेदहाला गाडी कसालला चहापाण्याला थांबेल, भेटायचं तर तिथे या. खाली आजोबांबद्दल आणखी एक ओळ होती. बापूंना गिळायला होत नाही, पण शिरवाळ्यांची आठवण काढतात.

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया. गरम गोळा लाकडी साच्यात घालून दाबायचा, आणि पडलेल्या शेवया नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडवून खायच्या. साचा दाबायला दोन माणसांचं बळ लागतं. आईने पहाटे उठून एकटीने, साच्यावर छाती टेकून दाबले. मी उठले तेव्हा ती घामाने चिंब होती आणि पितळी डबा फडक्यात बांधून तयार होता, रसाचा तांब्या वेगळा. मला म्हणाली, आज चालताना कुरकूर करायची नाही. मी दहा वर्षांची होते, बहीण सहाची. आमच्या वाडीपासून कसाल अडीच तासांची वाट. सात वाजता निघालो असतो तर निवांत पोचलो असतो.

बाबा साडेसातला उंबरठ्यावर नारळ घेऊन उभे राहिले. आई म्हणाली, वाटेत घाला, चालता चालता. बाबा म्हणाले, देव काय चालता चालता ऐकतो? आठ तिथेच वाजले. पुढे शिवेवरचा दगड लागला, पुढे साकव. साकवापाशी आईने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि आकाशाकडे बघितलं. बाबांनी आवरतं घेतलं खरं, पण त्यांचं आवरतं घेणं म्हणजे चुलत्यांमधला एकच गाळायचा.

त्यानंतर कातळाचा उघडा सडा ओलांडून वाट उतरते ती पाणंदीत. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे छातीएवढे गडगे आणि मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. कार्तिकाचे दिवस, आजूबाजूच्या मळ्यांत भात कापणीला आलेलं. वळण घेतलं आणि बाबा असे थांबले की मी त्यांच्या पाठीवर आपटले. पंधरा पावलांवर रानडुकरं होती. एक मोठी मादी, मानेवरचे केस ताठ, तिच्यामागे सहा-सात पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, आणि पलीकडे दोन दांडगी जनावरं गडग्याचं बूड नाकाने उकरत होती. आम्ही इतक्या जवळ होतो की त्यांच्या तोंडाची मचमच ऐकू येत होती. कुबट वासही येत होता. बहिणीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. हलायचं नाही, ओरडायचं नाही, डुकराला दिसतं कमी, वारा आपल्याकडे येतोय, ती आपली आपण जातील, असं त्यांनी कुजबुजत सांगितलं. हे बोलणं शहाणपणाचं होतं, ते मी आजही नाकारत नाही. पण डुकरं जाईनात. त्यांना गडग्यात कसले तरी कंद सापडले होते आणि त्यांना कसालची गाडी गाठायची नव्हती. आम्ही उभेच. उन्हाचा पट्टा गडग्यावरून खाली सरकत आला. आई बाबांच्या कानाशी म्हणाली, मागे फिरून मळ्यातून जाऊ. बाबांनी मान हलवली, पाय वाजतील. आणखी थोडा वेळ गेला. आईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

ते बघून बाबांना काहीतरी करावंसं वाटलं असणार. त्यांनी जे येत होतं ते केलं. नारळ छातीशी धरला, डोळे मिटले आणि अगदी ओठातल्या ओठात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, वाटेर जो काय अडथळो इलो आसा, तो दूर कर रे म्हाराजा."

आणि आम्ही तिघी, मी, माझी बहीण आणि माझी आई, घशाला जी सवय होती तिला जागून, एका सुरात, देवळात म्हणतात तशा खणखणीत आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा."

पुढचं फार भरभर झालं. पलीकडची दोन जनावरं पलीकडे पळाली. मादी मात्र घाबरून थेट आमच्याच अंगावर आली. बाबांनी बहिणीला उचलून गडग्यावर फेकलं, मी कशी चढले मला ठाऊक नाही, आणि नऊवारीतली माझी आई, जिला मी कधी ओटीवरूनही उडी मारताना पाहिलं नव्हतं, ती माझ्याआधी वर होती. मादी बाबांच्या धोतराला घासून गेली. तिच्यामागून पिल्लं गेली. डबा आणि तांब्या खाली राहिले. डबा आपटून उघडला, रस लाल मातीत सांडला, आणि दहा पावलं पुढे गेलेली ती मादी वासाने थांबली आणि परत आली.

आम्ही चौघे गडग्यावर ओळीने बसून डुकरांना शिरवाळे खाताना बघत होतो. पिल्लं एकमेकांना ढकलत खात होती. आई उतरायला निघाली, बाबांनी तिचा दंड धरला. ती सोडा म्हणत होती, बाबा सोडत नव्हते. सगळं चाटूनपुसून खाऊन झाल्यावर मादी घुरघुरली आणि पिल्लांना घेऊन चालती झाली. पाणंद मोकळी झाली. बाबा खाली उतरले, नारळ शाबूत आहे का ते बघितलं आणि म्हणाले, बघ, देवाने अडथळा दूर केला.

आई गडग्यावरून उतरली. रिकामा डबा उचलून ती एवढंच म्हणाली, "डुकरां आपली खायत होती. तुमका देवाक कित्याक उठवचो होतो?" मग ती जी चालत सुटली ती कसालपर्यंत मागे वळली नाही.

नशिबाने गाडीच तासभर उशिरा आली होती; आम्ही पोचलो तेव्हा तिचं इंजिन चालू होतं. मामा खाली उभे राहून वाटेकडे बघत होते. त्यांनी कंडक्टरला कसंबसं थांबवून धरलं होतं. आजोबा खिडकीशी, गळ्याला मफलर, गालांची हाडं वर आलेली. आईने धावत जाऊन गज धरले. मला वाटलं ती आता रडेल, जे बोलायचं ते बोलेल. पण तिने काय केलं, तर रिकामा डबा वर करून दाखवला आणि डुकरांची हकिकत सांगायला लागली. दम लागलेला, राग आलेला, बाबांना बापासमोर नावं ठेवत सांगत होती. जी काय तीन-चार मिनिटं मिळाली ती सगळी तिने डुकरांवर घालवली. आजोबांचे खांदे हसण्याने हलत होते. मग मोठ्या कष्टाने, फाटक्या आवाजात ते म्हणाले, "डुकरांका आवडले, म्हणजे बरे झाले असतले."

कंडक्टरने घंटी मारली. बाबा पुढे झाले, टोपी काढली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि सुरू झाले. बा देवा म्हाराजा, बारा वाटांच्या राखणदारा. आता गोठा येणार, गुरं येणार, चुलते येणार. आई मागे वळून म्हणाली, "आटपा. गाडी सुटता."

बाबा थबकले. इतकं लहान गाऱ्हाणं त्यांना घालताच येत नव्हतं. ओठ हलले, काय ठेवावं आणि काय टाकावं ते त्यांना सुचेना. मग म्हणाले, "ह्या माणसाक सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

आम्ही म्हणालो, मामा म्हणाले, स्टँडवरचे हमाल आणि चहावालाही म्हणाले, व्हय म्हाराजा. नारळ खिडकीतून आत गेला आणि गाडी निघाली.

आजोबा परत आले. माघ संपता संपता, त्याच कसालला, मामांचा हात धरून उतरले. वजन थोडं वाढलं होतं, चेहऱ्यावर रंग होता. गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरं फडकं. आवाज गेला होता, कायमचा. ऑपरेशनमध्ये कंठच काढावा लागला होता. त्यांनी खिशातून छोटी पाटी काढली आणि आईला लिहून दाखवलं, शिरवाळे.

त्या रात्री आई बाबांवर बरसली. गुरं सांगता, गोठा सांगता, मुंबईकरांची लग्नं सांगता, आणि ज्या दिवशी आवाज मागायचा त्या दिवशी विसरता? तूच आटपा म्हणालीस, हे बाबांच्या तोंडाशी आलं असणार. माझ्या तर आलं होतं. पण त्यांनी ते त्या रात्री म्हटलं नाही, पुढे चाळीस वर्षांच्या संसारात कधी म्हटलं नाही. आईला मात्र ते न म्हणताच ऐकू आलं होतं.

कारण त्यानंतर तिने बाबांना आवरतं घ्या असं कधी सांगितलं नाही. उलट शेजारी उभी राहून राहिलेलं आठवण करून द्यायला लागली. गाऱ्हाणी अर्ध्या तासाची पाऊण तासाची झाली. आम्हा बहिणींच्या पायांची काय दशा झाली ते आम्हालाच ठाऊक.

माझं लग्न त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी झालं. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाची गाडी दारात उभी, सासरची माणसं आत बसून घाम पुसतायत, आणि बाबा नारळ घेऊन माझ्या खिडकीशी सुरू झालेले. आई शेजारून सांगतेय, डोळे सांगा, हातपाय सांगा, बाळंतपण सांगा. मी शरमेने आणि चिडीने लाल झाले होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात काढलाच नाही. बाबांनी घाबरून आईकडे बघितलं.

"वाजांदे," आई म्हणाली. "आवाजाचा सांगूचा आसा अजून."