फिलोमिनाची चार मिनिटांची क्वेरी

नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? बघा, हा माझा स्वभाव. सात वर्षं झाली, तरी कुणाला काय कळलंय याचाच अंदाज घेत बसते.

मी संशयी आहे. दूधवाला म्हणाला, ‘आज दूध घट्ट आहे ताई,’ की मला वाटतं, म्हणजे काल पातळ होतं तर. आमच्या कामात याला गुण समजतात. अंधेरीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या ऑफिसात मी डेटाबेस सांभाळायचे. मूळ डेटाबेस अंधेरीत आणि त्याची जुळी प्रत ऐरोलीत. इथे पेशंटचा रिपोर्ट नोंदला की क्षणभरात तीच नोंद तिकडे व्हायची. मूळ बंद पडलं तर काम अडू नये म्हणून ही स्टँडबाय. पण एवढं महागडं यंत्र नुसतं बसवून कोण ठेवणार? म्हणून डॉक्टरांच्या स्क्रीनवरचे रिपोर्ट आम्ही तिच्यातूनच दाखवायचो. ती मागे पडली, की डॉक्टर जुनं वाचणार.

आणि ती मागे पडायला लागली. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास.

मी आधी लाइन पुरवणाऱ्या कंपनीवर संशय घेतला. त्यांचा माणूस फारच गोड बोलायचा. मग ऐरोलीच्या डिस्कवर. मग मुलुंडच्या शाखेवर, ते लोक दिवसभराच्या नोंदी साठवून एकदम ढकलायचे. सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. मग माझी नजर शेजारच्या खुर्चीवर गेली.

तिथे फिलोमिना बसायची. मरोळच्या गावठाणातली, माझ्याच वयाची. रिपोर्टांसाठी लागणाऱ्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायच्या सूचना, ती लिहायची आणि त्या दुपारी स्टँडबायवर चालायच्या. दर मे महिन्यात तिच्या घरी मसाला कुटला जायचा आणि एक बाटली माझ्यासाठी यायची. त्या वर्षी बाटली एप्रिलमध्येच आली. मी घेतली, हसले, आणि मनात म्हटलं — या वर्षी एवढी घाई का?

तिच्यावरच संशय का, ते सांगते. स्टँडबायवर कुणी काही वाचत असेल आणि तेवढ्यात मुळाकडून तीच नोंद बदलायचा निरोप आला, तर दोनच वाटा असतात. वाचणाऱ्याला हाकलायचं, नाहीतर बदल अडवून धरायचा; आणि एक बदल अडला की त्याच्यामागचे सगळेच अडतात. किती वेळ अडवायचा, हे एका सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. अर्ध्या मिनिटानंतर वाचणारा बाहेर, असं आमच्याकडे होतं.

होतं — म्हणजे मी बदलेपर्यंत. आमच्या सावंत सरांचा महिन्याचा मोठा रिपोर्ट सारखा मध्येच तुटायचा आणि ते माझ्यावर डाफरायचे. एकदा वैतागून मी ते सेटिंग ‘कितीही वेळ थांब’ असं केलं. संध्याकाळी परत लावीन म्हटलं. बदल केला की वहीत नोंद करायची, हा नियम मीच घालून दिलेला. मी नोंद केली नाही. आणि विसरले. खरंच विसरले होते का? त्या दिवसापर्यंत तरी, हो.

त्या दिवशी तीन वाजता घाटकोपरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या पेशंट बाईंचं पोटॅशियम भलतंच वाढलेलं दिसत होतं. लॅबनं तो आकडा दुपारी बारालाच चुकीचा म्हणून दुरुस्त केला होता. दुरुस्त आकडा डॉक्टरांना पोचलाच नव्हता. बाईंना ॲडमिट करायची तयारी झाली होती. खात्री करावी म्हणून त्यांनी फोन केला, एवढंच नशीब. लेखी तक्रार आली. सावंत सरांनी विचारलं, “कोणामुळे झालं हे?”

तीन आठवडे मी त्यांच्या कानाशी एकच नाव घेत होते. आता पुरावा द्यायचा होता. स्टँडबायवर कोण काय वाचतंय याची यादी उघडली. दोन नावं. फिलोमिनाची क्वेरी, चार मिनिटांपासून. आणि दुसरं नाव माझं, सकाळी साडेअकरापासून.

सकाळी मी तिच्याविरुद्धच काही सापडतंय का ते बघत होते. तिच्या जुन्या क्वेरींची लांबलचक यादी स्टँडबायवरूनच मागवली, अर्धी वाचली आणि ती विंडो तशीच मागे ठेवून दुसऱ्या कामाला लागले. अर्धवट वाचलेलं म्हणजे अजून वाचणं चालू आहे. आणि माझ्याच सेटिंगनं स्टँडबायला सांगितलं होतं, कितीही वेळ थांब. ती साडेतीन तास माझ्यासाठी थांबली होती.

मग मी काय केलं? विंडो बंद केली. सेटिंग पूर्ववत केलं. वाचणाऱ्यांची यादी पुन्हा उघडली. आता एकच नाव उरलं होतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून मी सरांना पाठवला: “सर, सध्या स्टँडबायवर ही क्वेरी चालू आहे.” त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. प्रत्येक शब्द मी निवडून निवडून लिहिला होता.

सरांनी फिलोमिनाला बोलावून घेतलं. केबिनमधून बाहेर आल्यावर ती माझ्याकडेच आली. “माझी क्वेरी चार-पाच मिनिटांची असते ना गं? मग इतके तास कसं अडलं?”

नेमका प्रश्न. मी म्हटलं, “स्टँडबायवर चार मिनिटं पण भारी पडतात, फिलो. एकामागे एक तुंबत जातं सगळं.”

तिच्या क्वेरी बंद झाल्या आणि स्टँडबाय पुन्हा कधी मागे पडली नाही. पडणार कशी? सेटिंग मी परत लावलं होतं. पण ऑफिसला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. महिनाभरात तिनं राजीनामा दिला.

त्यानंतर मला भीती वाटायची ती तिला कळलंय याची. ख्रिसमसचा मेसेज एक दिवस उशिरा आला, तरी मी त्याचे अर्थ लावायचे.

मागच्या शनिवारी पार्ल्यात भेटली. वाकोल्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आता. चहा घेताना तिनं पिशवीतून वही काढली. प्रत्येक बॅचला ती एक धडा स्वतःच्या चुकीवर घेते म्हणाली. मुलांनी आपल्यासारखं करू नये म्हणून.

“तू तेव्हा समजावलं होतंस ना, तेच लिहिलंय. बघ ना, बरोबर आहे का?”

सुवाच्य अक्षरात माझं खोटं दोन पानं भरून लिहिलेलं होतं, खाली आकृतीसुद्धा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुठे टोमणा आहे का, कुठे सापळा आहे का, ते शोधलं. काही नव्हतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, “बरोबर आहे.”

नवी बॅच सोमवारी सुरू होणार होती. आज बुधवार आहे. तो धडा शिकवून झाला असेल.