मासा युसुफभाईंनाच लागायचा

गळाला मासा लागला की माणूस पाण्याकडे बघतो. युसुफभाई माझ्याकडे बघायचे. दोरी ताणलेली, काठी वाकलेली, आणि हे गृहस्थ मान वळवून, पांढऱ्या दाढीतून हसत, मी बघतोय की नाही याची खात्री करून घेणार. मग सावकाश मासा काठावर घेणार. उजनी धरणाच्या पाण्यावर, पळसदेवच्या अंगाला, आम्ही कितीतरी रविवार शेजारी शेजारी बसलो. पाणी एकच, आमिष एकच, दोघांच्या मध्ये जेमतेम जेवणाचा डबा ठेवण्याइतकी जागा. मासा त्यांनाच लागायचा. मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे करपल्याचा वास आला तर तो कुठून येतोय ते वाचणाऱ्याला कळेल.

इंदापुरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नव्या तारा भरून द्यायचं, दुकान होतं. आमच्या भागात उसाला पाणी चालू असताना मोटार जळाली की शेतकरी ती गाडीत टाकून थेट त्यांच्याकडे धावतो. हे त्यांना पुरतं माहीत होतं. नम्रता त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. "इंदापुरात दोनच ठिकाणी गर्दी असती," ते म्हणायचे, "एक एस्टी स्टँड आन् दुसरं माझं दुकान. त्यात स्टँड रात्रीचं मोकळं व्हतंय." मी माळेगावचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. माझी मोटार जळाली म्हणून त्यांच्या दुकानात गेलो, तर तारांच्या भेंडोळ्यांमागे भिंतीला टेकवलेली गळाची काठी दिसली. मोटारीचं बोलणं राहिलं बाजूला. पुढच्या रविवारी आम्ही पाण्यावर होतो.

मासा धरताना गप्प बसावं, असं मी पुस्तकांत वाचलं होतं. युसुफभाई अखंड बोलायचे. दुकानातली गिऱ्हाइकं, जावई, गुडघा, सोलापूर रस्त्यावरचं नवं हॉटेल, काही वर्ज्य नव्हतं. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, मासे पळतात तुमच्या आवाजानं."

"सुभाषराव, मासं बी माणसावानीच हाय. गप बसल्याल्या माणसाकडं कोन येतंय?" असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक मरळ बाहेर काढली. काढण्याआधी अर्थातच माझ्याकडे बघितलं.

त्यांचा एक रिवाज होता. धरलेला मासा एकट्यानं घरी न्यायचा नाही. निघताना काठावरच दगडावर सगळे मासे मांडून त्यांचे सारखे वाटे करायचे, मग लागलेला कुणालाही असो. त्यामुळे माझ्या घरी दर रविवारी मासे असायचे आणि दर रविवारी आमची मंडळी पिशवी उघडून म्हणायची, "युसुफभाऊंना आज लई चांगलं लागलं की!" एका रविवारी त्यातली मोठी चिलापी मी स्वतः धरली होती. तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "असू द्या, असू द्या." माझा एकुलता एक मासासुद्धा तिनं त्यांच्या खात्यावर टाकला!

या सगळ्यात माझी म्हणून एक गोष्ट होती. सॅमन. युरोपातल्या नद्यांत जन्मून समुद्रात वाढणारा आणि पुन्हा त्याच नदीत, प्रवाह चढून, अंडी घालायला परत येणारा मासा. परत आल्यावर तो नदीत काही खात नाही. तरीही पक्ष्याची पिसं आणि चमकदार दोरा गुंडाळलेला छोटासा गळ, ज्याला तिकडे फ्लाय म्हणतात, त्याच्यासमोरून गेला तर कधीकधी तोंडात घेतो. भूक नसताना का घेतो, हे कुणालाच नीट माहीत नाही. मी याच्यावर पुस्तकं मागवली होती, मोबाइलवर तासन्‌तास बघितलं होतं, गच्चीत उभं राहून लांब काठीनं दोरी फेकायचा सराव केला होता. जन्मात एकदा सॅमन धरायचा, एवढंच मला हवं होतं. आणि हे सगळं मी, मूर्खासारखं, काठावर बसून युसुफभाईंना सांगितलं होतं.

त्यांची मुलगी नाझिया स्कॉटलंडमध्ये डॉक्टर आहे. एके दिवशी युसुफभाईंचा फोन आला. "सुभाषराव, ते तुमचं सामन मासं हाय न्हवं? नाझियानं तितं लॉज बुक केलंय. नदीवरच हाय. गाईड, खाणंपिणं, समदं. आठवडाभर."

ज्या माणसाला त्या माशाचं नाव धड घेता येत नाही, तो जाणार!

"आवो, ऐकताय का? दोन काठ्यांचं हाय. दुसरी तुमची."

आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण माझं स्वप्न मला त्यांच्या हातून मिळत होतं, हे काही केल्या गिळवेना. लॉज म्हटल्यावर युसुफभाईंच्या बायकोचा, म्हणजे भाभींचा, चेहरा बदलला होता. तिकडे लॉज म्हणजे काय, हे त्यांना समजावता समजावता नाझियाचा फोनवर घसा बसला म्हणे.

लॉज म्हणजे नदीकाठचं जुनं दगडी घर होतं. दारात ओल्या रबरी विजारी टांगलेल्या, आत शेकोटी. आमचा गाईड कॅलम उंच, लालसर दाढीचा, फार कमी बोलणारा माणूस. पहिल्या संध्याकाळी त्यानं नियम सांगितले. रविवारी सॅमनची मासेमारी बंद. यावर युसुफभाई खो खो हसले, कारण आम्ही आयुष्यभर रविवारचेच गडी. दुसरा नियम ऐकून मात्र त्यांचं हसू थांबलं. मासा धरला की परत नदीत सोडून द्यायचा. नदीत सॅमन कमी झालेत, तेव्हा प्रत्येक मासा सोडायचा. मला हे माहीत होतं. त्यांना सांगायचं सुचलं नव्हतं.

"मंग धरायचा कशाला?" त्यांनी मला विचारलं.

"धरण्यात मजा आहे, युसुफभाई."

"आपली मजा. त्याचं काय? खायचा न्हाय, कुनाला द्यायचा न्हाय, नुसतं तोंडाला भोक पाडून सोडायचा? न्हाय सुभाषराव. खेळ म्हणून जिवाला तरास देनं आपल्याच्यानं व्हायचं न्हाय."

मला वाटलं, आता हे आठवडाभर शेकोटीपाशी बसतील. पण सकाळी नदीवर त्यांनी कॅलमकडून पकड मागितली आणि आपल्या फ्लायचा गळ वाकतो तिथे कट्‌कन तोडून टाकला. राहिली नुसती पिसं आणि सरळ दांडी. "आता टाकतो," ते म्हणाले. "त्याला वाटलं तर घील, न्हाय वाटलं तर सोडील." कॅलम त्या फ्लायकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून आणखी चार फ्लाय काढले आणि पकडीसकट त्यांच्या हातात दिले.

मला मनातून उकळ्या फुटल्या. त्यांच्याकडे गळच नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढे असणार होतो. छातीपर्यंत रबरी विजार चढवून मी त्या गार पाण्यात उतरलो. फेक छान पडत होती, कॅलमनंही मान डोलावली. तो दिवस कोरडा गेला. दुसराही. आणि तिसऱ्या दिवशी खालच्या डोहातून आवाज आला, "आला! आला! गेला!" युसुफभाईंच्या फ्लायला सॅमननं हिसका दिला होता. पुढच्या दिवशी पुन्हा. "घेतला रं घेतला!" मासा हिसका देई, लागायला काही नसल्यानं सोडून जाई, आणि हा माणूस कमरेइतक्या पाण्यात हसत उभा राही. कॅलमनं एकदा डोक्यावरची टोपी काढून त्यांना सलाम केला. मी त्याच डोहात, त्याच जागी, चांगला धारदार गळ घेऊन पाणी पिंजून काढलं. पण मासा काही फिरकला नाही. रात्री जेवताना ते हिसक्याचं वर्णन हातानं करून दाखवायचे आणि मी सूप पीत राहायचो.

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. दुपारी कॅलम चहा करायला वरच्या खोपटात गेला होता. मी वर, युसुफभाई खाली एका काळ्या खडकापाशी. एकाएकी त्यांनी हाक मारली, ओरडून नाही, दबक्या आवाजात. दबका आवाज त्यांच्याकडे आहे हे मला त्याच दिवशी कळलं.

"सुभाषराव, या हिकडं. हितं हाय. आत्ताच हिसका दिला, अजून हितंच हाय. या बिगीबिगी."

मी काठी काठावर टाकली आणि धडपडत गेलो. त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "माझीच घ्या. दोरी मापात हाय. त्या फेसाच्या पलीकडं टाका."

टाकली. फ्लाय प्रवाहात वळला आणि दोरी एकदम जड झाली. रीळ किंचाळलं. आणि सॅमन पाण्याबाहेर आला, अख्खाच्या अख्खा, चांदीसारखा, शेपटीपर्यंत दिसला. हातभर तरी होताच. माझ्या तोंडून काय शब्द निघाला ते आठवत नाही. मग तो पाण्यात पडला आणि दोरी सैल झाली.

आम्ही दोघं दोरीकडे बघत उभे राहिलो. युसुफभाईंनी ती ओढून घेतली, फ्लाय तळहातावर ठेवला. पिसं आणि सरळ दांडी.

"या अल्ला," ते म्हणाले. "इसरलोच वो मी. तुमाला गळ लागतोय, हे डोस्क्यातच न्हाय आलं."

विसरलो तर मीही होतो. पण तेवढा न्याय करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी काठावर निघून गेलो. संध्याकाळी ते जेवले नाहीत. विमानातही मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

इंदापुरात आल्यावर त्यांनी वेगळंच सुरू केलं. दुकानात येईल त्याला सांगायचे, "आमच्या सुभाषरावांनी सामन धरला." एकदा माझ्यासमोरच सांगायला लागले तेव्हा मी तापलो. "लागला नव्हता, युसुफभाई. गळच नव्हता!"

"त्यानं तोंडात घेतला का न्हाय? उडाला का न्हाय? आन् गळ असता तरी सोडूनच द्यायचा हुता की!"

रविवार पुन्हा चालू झाले. मासे पुन्हा त्यांनाच लागू लागले आणि मी पुन्हा जळू लागलो.

या उन्हाळ्यात युसुफभाई गेले. दुकानातच, मोटार भरता भरता छातीत कळ आली. मातीला मी होतो. नंतर त्यांच्या घरापुढच्या मांडवात बसलो असताना बावड्याचा एक शेतकरी माझ्याजवळ सरकला. त्याची मोटार अजून दुकानातच पडून होती.

"तुमीच का सुभाषराव? सामन धरल्यालं?"

मी नुसतीच मान हलवली.

"युसुफभाई लई जळायचे वो तुमच्यावर."

"कोण?"

"युसुफभाई. म्हनायचे, आठवडाभर मला नुसतं हिसकं दिलं त्यानं, तोंड काय दावलं न्हाय. आन् ह्या माणसाला पयल्याच फेकीला अख्खा उडून दावला. म्हनायचे, रविवारी शेजारी बसलो की अजून पोटात दुखतंय माझ्या. पर त्यास्नी सांगू नगा, लई चढून बसतील."

मांडवात माणसं डोळे पुसत होती, आत बायकांचा आवाज येत होता, आणि मला आनंद झाला. चांगला पोटभर झाला. इतकी वर्षं शेजारी बसून या माणसानं पत्ता लागू दिला नाही! आता कसे सापडलात, असं त्यांना तोंडावर म्हणायला मी उठलो, दोन माणसांना ओलांडून दारापर्यंत गेलो, चप्पलही काढली, आणि तिथेच उंबऱ्यापाशी मला रडू फुटलं.