लाटसाहेबाची गरम बशी

काल आजारी नातीसाठी पेज शिजवली. उकड्या तांदळाचा वास दरवळला आणि मी मनाने थेट लहानपणीच्या गावी, कापड्यात, शेजारच्या दगडूआजाच्या पडवीत जाऊन पोचले.

आजा तरुणपणी एका इंग्रज लाटसाहेबाचा खानसामा होता. साहेबाला आधी कारभाराला एक चिमुकलं बेट मिळालं, मग त्याहून मोठं, मग आसपासच्या सगळ्याच बेटांचा तो लाट झाला. दर बढतीला आजा त्याच्यामागून बोटीत चढला. "बेटं बदलली, साहेबाची शिस्त नाय बदलली," असं तो ऐटीत सांगे. जेवणाची बशी गरमच लागायची. साहेब ती आधी आजाच्या तळहातावर टेकवायचा. चटक्याने हात हलला, तरच वाढायची.

गावी परतल्यावर आजाने ही शिस्त सुनेला, शेवंताकाकीला लावली. रोज चुलीवर तापलेली थाळी, रोज तिचा तळहात.

पुढे आजाला अर्धांग झालं. एका दुपारी काकी माझ्यासमोर त्याला पेज भरवायला बसली. पहिला चमचा तिने त्याच्या धड हाताच्या तळव्यावर ओतला. हात ताडकन उडाला, आजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंड पोळू नये म्हणून काकी किती जपते, असं मला तेव्हा वाटलं. आता ती फुंकर घालेल म्हणून मी बघत राहिले.

"हात हलला गो," काकी शांतपणे मला म्हणाली. "म्हणजे वाढायला हरकत नाय."

आणि दुसरा चमचा तिने तस्साच त्याच्या तोंडात घातला.